गर्भवतीची लस आणि उरलेले आठ टक्के

सरकारी आकडे वाचून समाधान वाटावे, असे प्रसंग आपल्या वाट्याला वारंवार येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने तसा एक प्रसंग आणून दिला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या ह्या पाहणीत, ज्या मातांचे शेवटचे मूल जन्मतः धनुर्वातापासून लसीने सुरक्षित होते अशा मातांचे प्रमाण देशभरात ९२ टक्के भरले. २०१५-१६ च्या फेरीत ते ८९ टक्के होते. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत गर्भारपणी लसीच्या दोन मात्रा मिळालेल्या स्त्रिया निम्म्याहून किंचित अधिक होत्या. मोजण्याची रीत मधल्या काळात थोडी बदलली आहे. पण तेवढ्याने ह्या वाढीचे मोल कमी होत नाही. त्याच पाचव्या पाहणीत गर्भारपणी किमान चार वेळा तपासणी झालेल्या माता ५८ टक्के आहेत, आणि लोहाच्या गोळ्या शंभर दिवस घेतलेल्या माता तर केवळ ४४ टक्के. ह्या शेजारच्या रकान्यांकडे पाहिले म्हणजे धनुर्वाताची लस ही आपल्या माता-आरोग्याच्या कार्यक्रमातील सर्वांत यशस्वी बाब ठरते, हे मान्य करावेच लागेल.

शंभरात ब्याण्णव गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी नावे ठेवीत नाही. परंतु ही प्रश्नपत्रिका निराळी आहे. येथे न सुटलेल्या आठ गुणांची भरपाई सुटलेल्या ब्याण्णवांतून होत नाही. ती का होत नाही, आणि हे आठ टक्के नेमके कोठे राहतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक शब्द, दोन अर्थ

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. २००३ मध्ये आंध्र प्रदेशापासून सुरू झालेली पडताळणी त्या वर्षी नागालँडपाशी येऊन पुरी झाली. ही घटना लहान नव्हती. १९८० च्या दशकात ह्या देशात वर्षाला दीड ते दोन लाख अर्भके धनुर्वाताने ग्रासली जात आणि त्यांतील बहुसंख्य दगावत. १९८१-८२ च्या पाहण्यांत ग्रामीण भागातील ह्या मृत्यूंचे प्रमाण शहरी भागाच्या सुमारे चौपट आढळले होते. तेथून येथवर येणे हे स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक मोठे काम आहे, आणि त्याचा गाजावाजा त्या मानाने फारच थोडा झाला.

तथापि ‘निर्मूलन’ ह्या शब्दाने आपली थोडी फसगत केली आहे. इंग्रजीत देवीच्या रोगासाठी ‘इरॅडिकेशन’ आणि धनुर्वातासाठी ‘एलिमिनेशन’ असे दोन वेगळे शब्द योजतात. आपण मराठीत दोहोंना ‘निर्मूलन’ म्हणून मोकळे होतो. देवीचा विषाणू माणसाच्या शरीराबाहेर आसरा घेऊन टिकत नव्हता. माणसांमधली साखळी तुटली तसा तो संपला. धनुर्वाताच्या जंतूचे तसे नाही. तो बीजरूपाने मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतो. ज्याचे मूळच जमिनीत आहे त्याचे निर्मूलन व्हावयाचे कसे? येथे ह्या शब्दाचा अर्थ एवढाच, की देशातील प्रत्येक जिल्ह्यात वर्षभरात जन्मलेल्या दर हजार अर्भकांमागे नवजात धनुर्वाताचा एकही पुरा रुग्ण भरत नाही. हे मोजमाप जिल्ह्यानिहाय आहे, ही चांगली गोष्ट होय. पण ही एकदाच गाठून विसरावयाची सीमा नव्हे. दरवर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक मुलासाठी ती नव्याने राखावी लागते.

ह्या रोगाची तऱ्हा विलक्षण क्रूर आहे. मूल जन्मते तेव्हा ठणठणीत असते. रडते, दूध ओढते. पहिले दोन-तीन दिवस असेच जातात. मग एकाएकी त्याचा जबडा आवळतो, त्याला ओढता येईनासे होते. अंग ताठरते, जरा स्पर्श झाला वा भांडे वाजले तरी आचके येतात, आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. मराठीतले नाव त्यावरूनच पडले. बहुतेक मृत्यू चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान ओढवतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा करतात, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि ती येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते असे मानतात. ज्या रात्रीची एवढी धास्ती समाजाने पिढ्यान् पिढ्या बाळगली, त्या रात्रीच्या आगेमागेच हा रोग अर्भकांना उचलून नेत होता. दोहोंचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला आहे, असा दावा मी करणार नाही. परंतु निव्वळ योगायोग म्हणून तो सोडून द्यावा, असेही वाटत नाही.

नाळ कापण्यासाठी घरातला विळा, एखादे जुने पाते किंवा बांबूची कामटी वापरली गेली, नाळेवर राख किंवा शेण लावले गेले, म्हणजे जंतूला वाट मिळत असे. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि कोरडी स्वच्छ नाळ ही पंचसूत्री पुढे दाईंना शिकविण्यात आली व तिचा उपयोगही झाला. लसीचे काम त्याहून निराळे. ती मातेला टोचावयाची. मातेच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाकडे जातात, आणि मूल आपले संरक्षण बरोबर घेऊनच जन्माला येते. त्यासाठी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा हव्यात, आणि दुसरी मात्रा बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी टोचलेली असावी. मागील तीन वर्षांत दोन मात्रा झालेल्या असतील तर एकच पुरते. २०१९ पासून आपल्याकडे जुन्या ‘टीटी’च्या जागी धनुर्वात व घटसर्प अशी जोडलस देऊ लागले आहेत, वेळापत्रक मात्र तेच राहिले आहे. ह्या दोन मात्रांमधील चार आठवडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढील विवेचनात त्यांचे काम आहे.

शोध आणि पोच

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ह्या लसीच्या इतिहासात एक गोष्ट खुपल्याखेरीज राहत नाही. बेरिंग आणि कितासातो यांनी बर्लिनमध्ये धनुर्वातावरील प्रतिविषाचा शोध लावला तो १८९० मध्ये. आज वापरात आहे त्या जातीचे टॉक्सॉइड १९२० च्या दशकात सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला ते सरसकट टोचण्यात आले आणि संपूर्ण युद्धात त्या अवाढव्य सैन्यात धनुर्वाताचे अवघे १२ रुग्ण निघाले. म्हणजे १९४५ पर्यंत लस सिद्ध होती, परिणामकारक होती, स्वस्तही होती. परंतु गर्भवतीला टोचून अर्भक वाचविता येते हे न्यू गिनीतील प्रयोगावरून प्रसिद्ध व्हावयास १९६१ उजाडले, आणि भारताच्या लसीकरण कार्यक्रमात गर्भवतींची ही लस समाविष्ट झाली ती १९८३ मध्ये. सैनिकाला मिळालेली वस्तू बाळंतिणीपर्यंत पोचावयास चार दशके लागली! ह्या काळात शास्त्र कोठे अडले नव्हते. मागणी करणारे कोणी नव्हते, एवढेच. लष्कराला आपला जखमी सैनिक मोजता येतो. खेड्यातील आठव्या दिवशी गेलेल्या मुलाची तर बहुधा जन्मनोंदही झालेली नसे.

बांगलादेशातील मतलब येथला अनुभव ह्या संदर्भात नमूद करण्याजोगा आहे. १९७४ मध्ये तेथे पटकीच्या नव्या लसीची चाचणी घेण्यात आली. निम्म्या लोकांना पटकीची लस टोचली आणि तुलनेसाठी उरलेल्या निम्म्यांना धनुर्वात-घटसर्पाची. पटकीची लस फारशी प्रभावी ठरली नाही. परंतु पुढे गावोगावच्या जन्ममृत्यूंच्या नोंदी तपासताना असे दिसून आले, की तुलनेच्या गटातील स्त्रियांना झालेली मुले पहिल्या महिन्यात लक्षणीय प्रमाणात कमी दगावली होती. कोणी न शोधताच पुरावा हाती लागला. आणि तो लागला ह्याचे श्रेय तेथे चिकाटीने ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या वह्यांना आहे.

आपल्याकडे पुरवठ्याची अडचण अशी फार काळ राहिली नाही. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये निघाली तीच मुळी धनुर्वातावरील प्रतिविष बनविण्याच्या हेतूने, आणि ह्या लसीची एक मात्रा आजही काही रुपयांत पडते. तेव्हा ‘परवडत नाही’ हे उत्तर येथे कोणालाच देता येणार नाही, सरकारला तर नाहीच.

शेजाऱ्याची पुण्याई चालत नाही

‘बाह्य परिणाम’ ही संकल्पना वर्गात शिकविताना लसीकरणाचे उदाहरण हमखास दिले जाते. एका मुलाला गोवराची लस टोचली, की ते मूल तर वाचतेच, शिवाय त्याच्यापासून शेजारच्या मुलाला होणारा संसर्गही टळतो. पुरेशा मुलांना लस मिळाली, की न टोचलेलीही त्या आडोशाला सुरक्षित राहतात. ह्यातून ‘फुकट्या प्रवाशा’चा प्रश्न निघतो, त्यातून शासकीय अनुदानाचे समर्थन निघते, आणि परीक्षेत दहा गुणांचे उत्तर तयार होते. मी गेली काही वर्षे ह्या उदाहरणाला जोडून धनुर्वाताचा प्रश्न मुद्दाम विचारीत असतो, आणि हुशार विद्यार्थीही तेथे हटकून अडखळतात.

कारण धनुर्वात माणसाकडून माणसाकडे जात नाही. तो मातीतून येतो. ज्या गावात नव्याण्णव गर्भवतींनी लस घेतली त्या गावातील शंभराव्या स्त्रीच्या मुलाचा धोका त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. गोवराच्या बाबतीत अमुक इतके टक्के गाठले म्हणजे साथ अडते, असा एक उंबरठा सांगता येतो. येथे असा उंबरठाच नाही. सरासरीच्या आडोशाला उभे राहण्याची सोय ह्या रोगाने ठेवलेली नाही, आणि म्हणून ९२ ह्या आकड्याने उरलेल्या आठांना काहीही दिलासा मिळत नाही.

ह्यावर पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, की मग ही खाजगी वस्तू झाली. ज्याला हवी त्याने घ्यावी. हा युक्तिवाद फसतो, कारण येथे लाभ ज्याचा आहे तो जीव अजून बाजारात उतरलेलाच नाही. सुई टोचून घ्यावयाची मातेने, जगावयाचे मुलाने, आणि तिला केंद्रावर जाऊ द्यावे की नाही हे ठरवावयाचे बहुधा सासूने वा नवऱ्याने. तीन माणसांत वाटला गेलेला हा व्यवहार मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत बसत नाही.

मग ब्याण्णवांपर्यंत आपण पोचलो तरी कसे? माझ्या मते त्याचे श्रेय प्रबोधनापेक्षा सुईच्या स्वभावाला अधिक आहे. लोहाची गोळी रोज, घरी, कोणी पाहत नसताना गिळावी लागते; तोंडाला चव येते, मळमळते. सुई एकदाच टोचावयाची, ती परिचारिका टोचणार, आणि लगेच नोंद होणार. प्रशासनाला जे मोजता येते ते प्रशासन हिरीरीने करते. शिवाय आपल्या लोकांचा सुईवर विश्वास आहे. सुई न टोचता नुसत्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरविषयी खेड्यांत अजूनही शंका घेतली जाते. गंजका खिळा लागला की ‘टीटी’ घ्यावी हे तर शहरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गर्भारपणातील ही सुई मुलासाठी आहे, हे मात्र ती घेणाऱ्या पुष्कळजणींना कोणी सांगितलेले नसते. ती ‘ताकदीची’ म्हणून घेतली जाते. परिणाम साधतो आहे तोवर समजुतीची चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. पण जिला सुई कशासाठी हे ठाऊक नाही, तिला दुसरी मात्रा चुकल्याचे दुःख तरी कसे व्हावे?

कारणांची गुंतागुंत

लस कोण घेते व कोण घेत नाही, ह्यावर अभ्यास पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष बरेचसे जुळतात. माता शिकलेली असेल, पहिलटकरीण असेल, तपासणीस वारंवार जात असेल, केंद्र जवळ असेल, तर लस घेतली जाण्याची शक्यता वाढते. चौथ्या-पाचव्या खेपेला ती घटते. ‘आधीची झाली तशी हीही होईल’ हा अनुभवाचा युक्तिवाद तेथे काम करतो. शिवाय तीन मुले सांभाळून केंद्रावर जाणे हे एकटीने जाण्याइतके सोपे नसते.

ह्या यादीत शिक्षणाला नेहमी पहिले स्थान मिळते, आणि त्यावरून ‘अडाणीपणा हेच मूळ’ असा निष्कर्ष काढून आपण स्वस्थ बसतो. शिक्षण येथे नेमके काय करते? जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातील माहितीच्या आधारे असे प्रतिपादन केले, की आईच्या शिक्षणाने बालमृत्यू घटतात ते निव्वळ उत्पन्न वा ज्ञान वाढल्याने नव्हे. शिकलेल्या सुनेचे घरातील वजन वाढते, आणि बाहेरचे जग तिचे म्हणणे अधिक ऐकून घेते. हे आपल्याकडेही पटण्याजोगे आहे. चौथी शिकलेल्या बाईला जंतुशास्त्र येत नाही. पण कार्डावरची तारीख वाचता येते, आणि खिडकीपलीकडचा माणूस तिच्याशी जरा बऱ्या आवाजात बोलतो. हेच खरे असेल, तर न शिकलेल्या बाईला लस न मिळण्याचा निम्मा दोष त्या खिडकीकडे जातो.

दुसरी बाजू केंद्राच्या दाराची. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात २००० नंतरच्या दशकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या पाहणीत आरोग्य उपकेंद्रे कामाच्या वेळांपैकी ५६ टक्के वेळा बंद आढळली. त्याच जिल्ह्यात त्यांनी पुढे बालकांच्या लसीकरणाचा एक प्रयोग केला. जेथे काहीच वेगळे केले नाही त्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के होते. जेथे ठरल्या दिवशी नेमाने शिबिर भरविले तेथे ते १८ टक्के झाले. आणि जेथे शिबिराबरोबर प्रत्येक खेपेस किलोभर डाळ व शेवटी ताटांचा संच दिला तेथे ते ३९ टक्के झाले. हा प्रयोग गर्भवतींचा नव्हता हे खरे. पण त्याचा बोध येथेही लागू पडतो. किलोभर डाळीने कोणाचे मतपरिवर्तन होत नाही. ज्यांचा विरोध नव्हता, फक्त आज जमत नव्हते, अशांचा आजचा दिवस तिने भरून निघाला. आपल्याकडे २००५ मध्ये आलेल्या जननी सुरक्षा योजनेने, आणि त्याच सुमारास गावोगाव नेमलेल्या आशाताईंनी, हेच मोठ्या प्रमाणावर केले. रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांवर गेले, ह्यात त्या पैशांचा व त्या बायकांच्या पायपिटीचा वाटा फार मोठा आहे.

अविश्वासाचा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. धनुर्वाताच्या लसीतून वंध्यत्व आणले जाते, ही अफवा जगात अनेकदा उठली आहे. १९९५ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये, २०१४ मध्ये केनियात. वाटली गेलेली लस साधीच होती, आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी हा आरोप प्रत्येक वेळी फेटाळला. पण अफवेला टेकावयास काडी लागते, आणि ती काडी दिल्लीत होती. डॉ. जी. पी. तलवार व त्यांचे सहकारी १९७० च्या दशकापासून गर्भधारणा रोखणाऱ्या एका लसीवर उघडपणे संशोधन करीत होते, आणि तीत वाहक म्हणून धनुर्वाताचे टॉक्सॉइड वापरले होते. त्या संशोधनाचा नेहमीच्या लसीशी काडीचाही संबंध नव्हता. नावातील साम्य मात्र पुरे झाले.

आपल्या देशात तर अफवेला ह्याहून सुपीक जमीन होती. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ ह्या एका वर्षात, सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर १९९६ पर्यंत कुटुंबनियोजनाची वार्षिक लक्ष्ये गावच्या त्याच परिचारिकेच्या डोक्यावर होती, जी गर्भवतीला धनुर्वाताची सुई टोचीत असे. सकाळी सुई आणि संध्याकाळी शस्त्रक्रियेसाठी मनधरणी. अशा स्थितीत एखाद्या सासूने सुनेला केंद्रावर पाठविले नाही, तर तिला अडाणी म्हणणे मला जमत नाही. तिने आपल्या परीने जोखमीचा हिशेबच केलेला असतो.

खाड्याचा हिशेब

आता उरलेल्या आठ टक्क्यांकडे वळू. देशात वर्षाला सव्वादोन ते अडीच कोटी जन्म होतात. त्याचे आठ टक्के म्हणजे अठरा ते वीस लाख. घरी होणारी बाळंतपणे सुमारे अकरा टक्के. संख्याशास्त्राचा प्राथमिक नियम लावून कोणी म्हणेल, की लसही नाही आणि रुग्णालयही नाही असा दुहेरी योग हजारात जेमतेम नऊ बाळंतपणांत येईल. हा गुणाकार चुकीचा आहे. कारण तो दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरतो. वस्तुतः जी स्त्री केंद्रावर पोचत नाही तीच घरी बाळंत होते, तिच्याच घरी नाळ कशाने कापली हे विचारणारे कोणी नसते. सर्व उणिवा एकाच दारात येऊन बसतात. सरासरी ज्या दोन रकान्यांत वेगवेगळी दाखविते, ती माणसे बहुतांशी एकच आहेत.

महाराष्ट्रात ती शोधावयास फार दूर जावे लागत नाही. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा, मेळघाट, गडचिरोलीचा दक्षिण भाग ही नावे आपल्याला पाठ झाली आहेत, आणि तेथील अंतराची अडचण डोळ्यांना दिसते तरी. ज्यांची अडचण नकाशावर दिसत नाही, अशा स्त्रियांमध्ये ऊसतोडणी करणाऱ्या येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून व त्याच्या आसपासच्या तालुक्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल नवराबायको मिळून फेडतात. दोघांचा मिळून एक कोयता धरला जातो. बाई गर्भार असली तरी अर्धा कोयता गावी राहू शकत नाही.

अशा एखाद्या स्त्रीची कार्यक्रमाच्या दृष्टीने काय गत होते ते पाहा. भाद्रपद-आश्विनात गावी तिचे नाव नोंदले जाते, पहिली मात्रा टोचली जाते, कार्डावर चार आठवड्यांनंतरची तारीख पडते. ती तारीख येते तेव्हा ती दीडदोनशे कोस दूर, वाढ्यांनी शाकारलेल्या कोपीत असते. गावच्या नोंदवहीत ती ‘बाहेरगावी’. जेथे ती आहे तेथल्या उपकेंद्राच्या वहीत तिचे नावच नाही. तेथे जाऊन लस मागणे अशक्य नाही, आणि लस फुकट आहे. पण टोळी पहाटे फडात उतरते, केंद्र दहाला उघडते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो. मजुरी तर जातेच, वर मुकादमाच्या हिशेबात दंड चढतो. फुकट लसीची तिने मोजावयाची किंमत ही अशी आहे. आमच्या शास्त्रात हिला संधित्यागाची किंमत म्हणतात, आणि आरोग्य खात्याच्या कोणत्याही अहवालात तिचा रकाना नसतो. अशा स्त्रीला ‘उदासीन’ म्हणणाऱ्यांनी एकदा उसाच्या फडातील दिवसाचा हिशेब मांडून पाहावा.

हे सुधारावयाचे तर उपदेशाची पत्रके उपयोगाची नाहीत. कारखान्याकडे प्रत्येक टोळीची, प्रत्येक कोयत्याची यादी असते. उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन होते, पावती निघते. तीच यादी हंगामाच्या प्रारंभी कारखान्याच्या हद्दीतील प्राथमिक आरोग्य केंद्राला देता येईल, आणि परिचारिकेला केंद्रात बसविण्याऐवजी संध्याकाळी तळावर पाठविता येईल. कार्ड हरवलेल्या बाईला माघारी न लावता मात्रा देण्याची स्पष्ट सूचना असावी. एखादी मात्रा जास्त झाल्याने होणारे नुकसान, मात्रा चुकल्याने होणाऱ्या नुकसानीपुढे नगण्य आहे.

ह्याच्याही आधीचा एक टप्पा शाळेत आहे, आणि शिक्षक-वाचकांसाठी तो मुद्दाम नोंदवितो. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलामुलींना ही जोडलस द्यावयाची असते. म्हणजे साधारणतः पाचवीत व दहावीत. बालपणीच्या मात्रांवर ह्या दोन चढल्या, तर मुलगी गर्भवती होण्यापूर्वीच बऱ्याच अंशी सुरक्षित झालेली असते, आणि पुढे एखादी तारीख हुकली तरी तिचे मूल उघडे पडत नाही. परंतु सातवी-आठवीत शाळा सुटलेली मुलगी सोळाव्या वर्षाच्या मात्रेच्या वेळी वर्गात नसते, आणि महाराष्ट्रात विशीच्या पहिल्या निम्म्यातील सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली होती, असे त्याच पाचव्या पाहणीत आढळले. जी टोळीबरोबर जाते, ती आणि ही मुलगी पुष्कळदा एकच असते. जिला शाळेत मात्रा मिळाली तिच्याही हाती त्याचा पुरावा उरत नाही, आणि पहिल्या गर्भारपणी सारे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण लिहिण्यास रकाने आहेत. लसीच्या दोन तारखांसाठी त्यात आणखी एक रकाना घालावयाचा, तर शिक्षण आणि आरोग्य ह्या दोन खात्यांनी मिळून एक शासन निर्णय काढणे पुरे आहे.